घरच्या लिप बामचं कोल्हापुरी माप

पूर्वी बायका कुंकू लावण्याआधी कपाळावर मेण लावत. फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि शेजारी चिमुकल्या डबीत मऊ केलेलं मेण. बोटाच्या टोकावर घेतलं की ते लगेच पसरावं आणि घाम आला तरी ओघळू नये, एवढंच त्या मेणाचं काम. त्यासाठी मधमाश्यांच्या मेणात थोडं खोबरेल घालून ते कोमट करायचं, गाळायचं आणि डबीत ओतायचं. आज दुकानात लिप बाम म्हणून जे मिळतं त्याचा गाभा हाच आहे: तेल, मेण आणि जोडीला एखादा घट्ट स्निग्ध पदार्थ. कपाळावरचं मेण ओठांवर आणायला फक्त माप बदलावं लागतं.

पण घरच्या बामची बहुतेक फजिती त्या मापातच होते. छापील कृतींत ‘एक चमचा मेण, दोन चमचे तेल’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यांतल्या बऱ्याच कृती थंड देशांतून आलेल्या असतात. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या आसपास असतो आणि एप्रिलच्या दुपारी अडतिसाच्या. थंडीत बेतशीर वाटणारी डबी उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवली तर तिचं तेल होतं. उन्हाळ्याची डबी थंडीत बोटाला दाद देत नाही. म्हणून आपल्याला दोन मापं लागतात, आणि ती चमच्यात नव्हे तर ग्रॅममध्ये.

ओठ का उलतात?

गालावरची किंवा कपाळावरची त्वचा स्वतःला लागणारं तेल स्वतः तयार करते. ओठांच्या लाल भागात तशा तैलग्रंथी जवळजवळ नसतात, घामाच्या ग्रंथीही नसतात आणि वरचा संरक्षक थरही फार पातळ असतो. त्यामुळे तिथलं पाणी पटकन उडून जातं. हवा कोरडी झाली की ओठ ओढल्यासारखे वाटतात आणि माणूस नकळत जीभ फिरवतो. ती लाळ वाळताना कोरडेपणा आणखी वाढवते, शिवाय लाळेतल्या पाचक द्रव्यांनी ती नाजूक कातडी चुरचुरते. मग पापुद्रे सुटतात, ते दातांनी ओढले जातात आणि रक्त येतं. शाळकरी मुलांच्या ओठांभोवती हिवाळ्यात जी लालसर कड दिसते ती बहुधा या चाटण्याचीच.

लिप बाम ओठांना ओलावा देत नाही. तो असलेला ओलावा अडवतो. हे एकदा लक्षात आलं की बाम कधी लावायचा ते सांगावं लागत नाही. तोंड धुतल्यावर ओठ नुसते टिपायचे आणि ते किंचित ओलसर असतानाच बाम लावायचा. ठणठणीत कोरड्या ओठांवर दिवसातून दहा वेळा लावला तरी त्याचा निम्माच उपयोग. ही सवय असेल तर घरचं साजूक तूपसुद्धा महागड्या डबीच्या तोडीचं काम करतं. फक्त ते टिकत नाही, ओठांवरून लवकर पुसलं जातं आणि चवीमुळे चाटलंही जातं. मेणाची गरज पडते ती इथे.

बेंबीत तेल सोडलं की ओठ मऊ होतात, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. सांगणाऱ्या आजीचा मान ठेवून एवढंच म्हणतो की बेंबीतून ओठांपर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. तेच दोन थेंब सरळ ओठांवर लावावेत. परदेशातल्या आज्याही काही कमी नव्हत्या. १८३० च्या दशकात अमेरिकेत गाजलेल्या, लिडिया मारिया चाइल्ड यांच्या घरकामाच्या पुस्तकात फुटलेल्या ओठांवर कानातला मळ लावण्याचा उपाय आहे. कानातला मळही शेवटी मेणचटच असतो, त्यामुळे त्यामागचा विचार अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. आपण मात्र मधमाश्यांच्या मेणावर थांबू.

मेण कुठून आणायचं आणि कसं ओळखायचं?

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. त्यानंतर हा मान मिळाला तो आपल्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला, मौनी महाराजांच्या पाटगावला. तिथे आणि आसपासच्या वाड्यांवर सातेरी माशीच्या पेट्या ठेवतात. मेण मागायला जाल तर आधी एक गोष्ट समजून घ्या. पेटीतला मध यंत्रात फिरवून काढतात, पोळं न मोडता. रिकामं पोळं माश्यांना परत दिलं जातं. त्यामुळे मेण मिळतं ते पोळ्यावरच्या पातळ झाकणांचं आणि जुन्या, काळवंडलेल्या पोळ्यांचं, म्हणजे मधाच्या मानाने फारच थोडं. किलोभर मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा साधारण हिशेब मानतात. पेटीवाल्याने मेणाला चांगला भाव सांगितला तर घासाघीस करू नका. आपल्याला लागतंच किती? एका वेळच्या बामला पाच-सात ग्रॅम. शंभर ग्रॅमची वडी घरात आली तर दोन-तीन वर्षं पुरेल, कारण चांगलं मेण लवकर खराब होत नाही.

बाजारातून घेणार असाल तर नुसतं ‘मेण द्या’ म्हणू नका. तसं म्हटलं तर बहुतेक दुकानांत मेणबत्तीचं मेण हातात पडेल. ते पॅराफिन, खनिज तेलातून निघणारं. ‘मधमाश्यांचं मेण’ असं स्पष्ट सांगा आणि हातात घेऊन बघा. खरं मेण पिवळं ते तपकिरी असतं, त्याला मधाचा मंद वास येतो, आणि बोटांत थोडा वेळ दाबत राहिलं की ते मळलेल्या कणकेसारखं लवतं. पॅराफिन निसरडं, अर्धपारदर्शक आणि बिनवासाचं असतं, दाबलं की त्याचे तुकडे पडतात. जुन्या मेणावर कधीकधी पांढुरकी भुकटी दिसते. ती बुरशी नव्हे, मेणाचाच तो गुण आहे. फडक्याने पुसली की जाते. सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाच्या दुकानात पांढऱ्या किंवा पिवळ्या दाण्यांच्या रूपात शुद्ध केलेलं मेण मिळतं. तेही चालतं, आणि मोजायला तर फारच सोयीचं.

कुणी थेट पोळंच आणून दिलं तर ते आधी साफ करावं लागेल. पोळ्याचे तुकडे थंड पाण्यात धुवून मध काढून टाका, जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधा, आणि टाकायच्या लायकीच्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन मंद आचेवर ठेवा. पाणी खळाखळा उकळू देऊ नका. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, ते फडक्यातून पाझरून वर तरंगायला लागेल. पुरचुंडी चमच्याने दाबून काढून घ्या आणि पातेलं रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी पाण्यावर मेणाची चकती धरलेली असते. तिच्या खालच्या अंगाला चिकटलेला गाळ सुरीने खरवडायचा आणि हेच आणखी एकदा करायचं. ओठांना लावायचं मेण दुसऱ्या गाळणीनंतरचंच घ्या.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जैन घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांत मध-मेण वर्ज्य असतं. त्यांना कोकम तेलाच्या आधाराने बिनमेणाचा बाम करता येतो, त्याचं माप पुढे दिलं आहे. कँडेलिला नावाचं वनस्पतिजन्य मेणही मिळतं. ते मधमाश्यांच्या मेणापेक्षा बरंच कडक असतं, म्हणून जवळपास निम्मंच घ्यायचं.

घाटाखालचं कोकम तेल

परदेशी कृतींमध्ये शिया बटर किंवा कोको बटर असतं. फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली, कोणत्याही घाटाने खाली उतरा, आपलं बटर तिथे तयार आहे. कोकमाच्या बियांचं तेल. कुणी त्याला मुठेल म्हणतं, तर तळकोकणात आणि गोव्यात भिरंडेल. एप्रिल-मेमध्ये कोकमं फोडून सालींची आमसुलं करतात, मागे राहिलेल्या बिया वाळवतात, फोडून त्यांचा गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर येणारी चरबी काढून, ती घट्ट व्हायला लागली की हातात वळून तिचे अंड्याएवढे गोळे करतात. कोकणातली माणसं पायांच्या भेगांना आणि ओठांना हेच लावत आली आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण सोलकढी पितो आणि बी विसरतो.

कोकम तेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही घरात ते घट्टच राहतं, आणि ओठांच्या उबेने मात्र हळूहळू सैल होतं. बामला याहून काय हवं? शिवाय ते फार तेलकट वाटत नाही. गावठी गोळा फिकट, पांढुरका-करडा असतो आणि त्यात बियांची बारीक कूस असते, म्हणून वितळवून पातळ कापडातून गाळून घ्यावा. वास घेऊन बघा. खवट असेल तर तो पायांच्या भेगांनाच ठेवा, ओठांना नको. शहरातल्या कोकणी मालाच्या दुकानांत विचारलं तर गोळे मिळतात, आणि कणकवली-सावंतवाडीला कुणी नातेवाईक असेल तर प्रश्नच मिटला.

राहिलं पातळ तेल. मी दोन सुचवतो. खोबरेल, कारण ते लवकर खवट होत नाही आणि लहान मुलांनाही सहसा मानवतं. आणि तिळाचं तेल, कारण त्यात मुळातच असलेली काही द्रव्यं त्याला टिकवून धरतात आणि ते थंडीत गोठत नाही. खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं हे आपल्याला हिवाळ्यातल्या बाटलीवरून माहीत आहे. थंडीच्या मापात खोबरेलाच्या मानाने तिळाचं तेल जास्त, ते याचसाठी. लाकडी घाण्याचं तेल आणलंत तर आठवडाभर स्थिर ठेवून वरचं निवळ घ्या. शेंगदाण्याचं तेल आपल्या स्वयंपाकघरात कितीही लाडकं असलं तरी इथे नको. त्याला वास येतो आणि काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. ‘बदाम तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केसांच्या सुगंधी तेलाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. पुष्कळदा त्यात खनिज तेल जास्त आणि बदाम नावापुरता असतो. ओठांना लागलेलं पोटात जातं, म्हणून खाण्याच्या प्रतीचंच तेल घ्यायचं.

काय घालू नये?

घरगुती बाम बिघडतो तो बहुधा हौसेने घातलेल्या जिनसांमुळे. मध, गुलाबपाणी, कोरफडीचा गर, बिटाचा रस, ग्लिसरीन हे सगळं पाण्याच्या कुळातलं आहे. मेण-तेलात ते मिसळत नाही, तळाशी बसतं, आणि जिथे पाणी तिथे जंतू. बाम महिनोन्‌महिने टिकतो तो त्यात पाण्याचा थेंब नसतो म्हणूनच. मध ओठांना लावायचाच असेल तर वेगळा लावा आणि धुऊन टाका. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात लावू नका, चाटवूही नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर ओठ भाजल्यासारखे होऊन काळे पडू शकतात. दालचिनी आणि लवंग झोंबतात. पुदिना, कापूर, मेन्थॉल यांनी गार वाटतं म्हणून औषध लागू पडतंय असा भास होतो, पण फुटलेल्या ओठांना त्यांचा त्रासच जास्त. चुरचुरलं की पुन्हा जीभ फिरते, पुन्हा बाम लागतो. वास हवाच असेल तर पिवळ्या मेणाचा मधाळ वास पुरेसा आहे.

रंगाचा मोह मुलींना हमखास होतो. बिटाची पूड तेलात विरघळत नाही, ती वाळूसारखी खाली बसते. रतनजोतीचं मूळ तेलात भिजवलं तर सुरेख लाल रंग येतो, पण त्या एका नावाखाली वेगवेगळ्या वनस्पतींची मुळं विकली जातात, म्हणून रोज पोटात जाणाऱ्या वस्तूत मी ती घालणार नाही. कुंकू, शेंदूर, गुलाल यांचा तर विचारही नको. शेंदरात शिसं असू शकतं.

काहीजण आयुर्वेदातल्या शतधौत घृताचं विचारतात. तांब्याच्या परातीत तूप पाण्याने शंभर वेळा फेटून धुतात, ते लोण्याहून हलकं, पांढरंशुभ्र होतं आणि ओठांना छान लागतं. पण त्यात पाणी अडकलेलं असतं. थोडं करावं, गारव्यात ठेवावं, लवकर संपवावं. बाममध्ये ते मिसळू नये. आणि आपला बाम तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नये, त्या धातूंच्या संपर्काने तेल लवकर खवट होतं. स्टील किंवा काच बरी.

दोन ऋतूंची मापं

एका वेळी ३० ग्रॅमच करा. दहा ग्रॅमच्या तीन डब्या होतात, घरात पुरतात आणि शिळ्या होत नाहीत. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमचा फरक नीट दाखवत नाही, आणि इथे एका ग्रॅमने डबी मऊची कडक होते. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्या. चमच्याने मोजू नका, कारण किसलेलं मेण चमच्यात कधी दाटून बसतं, कधी भुसभुशीत.

थंडीसाठी, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी: मेण ५ ग्रॅम, कोकम तेल ४ ग्रॅम, खोबरेल ९ ग्रॅम, तिळाचं तेल १२ ग्रॅम.

उन्हाळ्यासाठी, मार्च ते पाऊस पडेपर्यंत: मेण ७ ग्रॅम, कोकम तेल ६ ग्रॅम, खोबरेल ८ ग्रॅम, तिळाचं तेल ९ ग्रॅम.

फिरवून वर येणारी नळी भरायची असेल तर बाम आपल्या आधाराने उभा राहायला हवा, म्हणून मेण ८, कोकम ५, खोबरेल ८, तीळ ९. एका नळीत पाच ग्रॅमच्या आत-बाहेर मावतं. बिनमेणाच्या डबीला कोकम १५, तीळ ८, खोबरेल ७. ही डबी थंडीत उत्तम, मे महिन्यात मात्र फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, ओठांची तक्रार कमी होते, तेव्हा यांतलं कोणतंही चालेल.

मेण अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं की किसायला सोपं जातं. किसणी जुनी घ्या, ती पुन्हा खोबऱ्याच्या कामी येणार नाही. डब्या गरम पाण्याने धुवून अगदी कोरड्या करा, मग मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसून उघड्या वाळू द्या. पावसाळ्यात हे काम विशेष जपून, कारण झाकणाच्या आट्यांत पाणी राहून जातं.

आता छोट्या पातेल्यात दोन बोटं पाणी तापत ठेवा, तळाशी फडक्याची घडी टाका आणि त्यावर स्टीलची खोलगट वाटी ठेवा. वाटी थेट गॅसवर ठेवायची नाही. मेण उकळत नाही, पाण्यासारखी आगाऊ सूचना देत नाही. जास्त तापलं तर सरळ पेट घेतं. पेटलंच तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून वर झाकण टाका. वाटीत आधी मेण घाला, ते वितळलं की कोकम तेल, मग दोन्ही तेलं. थंड तेल पडताच मेण पुन्हा गोठल्यासारखं दिसेल, घाबरू नका. आच मंद ठेवून सगळं पाण्यासारखं नितळ होऊ द्या आणि त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. हा वेळ वाचवायचा मोह टाळा. कोकमातले घट्ट कण पुरते विरघळले नाहीत तर आठ-दहा दिवसांनी बाम रव्यासारखा खरखरीत लागतो.

ओतण्याआधी थेंब बघा. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला रस गार पाण्यात टाकून, बोटांनी वळून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो; तोच न्याय इथे. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या चमच्यावर दोन थेंब टाका. मिनिटभरात ते गोठतील. मग चमचा बाहेरच्या हवेत पाचेक मिनिटं ठेवा, त्यातलं थोडं बोटावर घ्या आणि ओठांवर लावून बघा. बोट ओढलं जात असेल तर अर्धा-एक ग्रॅम तिळाचं तेल वाढवा. नुसतं तेल लावल्यासारखं वाटत असेल तर अर्धा ग्रॅम मेण. पुन्हा वितळवा, पुन्हा थेंब. वर दिलेली मापं सुरुवातीची आहेत. तुमच्या मेणाचा कडकपणा, गावठी कोकम गोळ्याची प्रत, घर पत्र्याचं आहे की स्लॅबचं, यावर शेवटचा अर्धा ग्रॅम तुम्हीच ठरवायचा.

गॅसवरून उतरवल्यावर व्हिटॅमिन ‘ई’च्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला सुईने टोचून साधारण निम्मी पिळा. त्याने तेल खवट व्हायला उशीर लागतो, जंतू मात्र मरत नाहीत. ते काम कोरडेपणाचं आहे. मग लगेच डब्यांत ओता. वरचा थर धरू लागला की झाकण न लावता दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नळी भरली असेल तर मधोमध खळगा पडतो, म्हणून वाटीत थोडं मिश्रण मागे ठेवून तो नंतर भरा. झाकण बाम पुरता गार झाल्यावरच लावा, नाहीतर आत घाम धरतो. डबीवर तारीख आणि जिनसा लिहा.

वाटी धुण्याची घाई करू नका. कोमट असतानाच ती रद्दी कागदाने कोरडी पुसून घ्या आणि कागद कचऱ्यात टाका. गरम मिश्रण बेसिनमध्ये सोडलं तर पाइपमध्ये जाऊन गोठतं आणि दोन दिवसांत प्लंबरला बोलवावं लागतं.

बाम खरखरीत झाला तर पूर्ण वितळवून, थोडा वेळ गरम ठेवून, पुन्हा पटकन गार करा. वर तेलाचे थेंब सुटले तर डबी उन्हात राहिली असणार. खवट वास आला तर वाचवायचा प्रयत्न नको. चपलेच्या कातड्याला लावून टाका, कोल्हापुरी पायताणाला तेल-मेण मानवतं. नीट केलेली डबी सहा महिने सहज चांगली राहते.

लावताना

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. मेणाबरोबर येणाऱ्या राळेसारख्या द्रव्याची काहींना ॲलर्जी असते. डबीत बोट घालण्याआधी हात धुवा, आणि ताप येऊन गेल्यावर ओठांवर पाण्याचे फोड उठले असतील तेव्हा डबी कुणाला देऊ नका. कापसाच्या काडीने थोडा बाम वेगळा काढून लावा. रात्री झोपताना जाडसर थर द्यावा. पापुद्रे साखरेने घासून काढायची टूम निघाली आहे, ती फुटलेल्या ओठांवर अजिबात नको. दोन रात्री बाम लावला की पापुद्रा स्वतःच सुटतो.

घरच्या बामने उन्हापासून संरक्षण मिळत नाही. गाजराच्या बियांच्या तेलाने मिळतं असं सांगतात, त्यावर विसंबू नका, आणि झिंक ऑक्साइड आणून घरी ढवळलं तरी त्याचं प्रमाण सगळीकडे सारखं बसत नाही. शेतात किंवा फिरतीवर दिवसभर उन्हात असणाऱ्यांनी विकतचा एसपीएफ असलेला बाम आणि टोपी वापरावी. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाणार असाल तर आणखी एक: बामवर गुलाल असा बसतो की परतेपर्यंत ओठ जांभळे. चढण्यापूर्वी बाम पुसा, उतरल्यावर ओठ धुऊन पुन्हा लावा.

बाम लावूनही ओठ सुधारत नसतील तर आधी टूथपेस्ट बदलून बघा. खूप फेस करणाऱ्या किंवा लवंग-दालचिनीच्या चवीच्या पेस्टने काहींचे ओठ कायम उललेले राहतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच, तेव्हा बाम हाताशी ठेवा. तोंडाचे कोपरेच चिरत असतील तर कारण बहुधा लोहाची किंवा ‘ब’ जीवनसत्त्वाची कमतरता, बुरशीचा संसर्ग किंवा सैल कवळी असतं, आणि ते बामने जात नाही. खालच्या ओठावर पांढरा चट्टा, खपली किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, विशेषतः तंबाखू किंवा मशेरीची सवय असणाऱ्याची, तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू मळून ओठाखाली धरणाऱ्याच्या ओठावर बाम चोपडत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

आणि विकण्याबद्दल, कारण तीन डब्या चांगल्या झाल्या की चौथी विकायचा विचार मनात येतोच. लोणच्या-पापडासाठी काढलेला अन्नपरवाना बामला चालत नाही. लिप बाम कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम त्याला लागू होतात, आणि विक्रीसाठी तो तयार करायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी जागा, माणूस आणि तपासणी यांच्या अटी आहेत. एखाद्या बचत गटाला गंभीरपणे यात उतरायचं असेल तर दुसरा मार्ग म्हणजे परवाना असलेल्या उत्पादकाकडून आपल्या मापाने माल करून घेणं. तोवर डब्या बहिणीला, शेजारणीला, पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला द्या, आणि झाकणावर लिहायला विसरू नका की ही थंडीची आहे की उन्हाळ्याची.